वीस खाटांचा इन्चार्ज

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.३०

आजपासून वॉर्ड माझा. आमच्या इन्चार्ज नीलाबाई सिस्टर पुतण्याच्या लग्नासाठी दोन आठवडे रजेवर गेल्या. पुतण्याच्या! हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, आमचे साहेब, मला म्हणाले, आदेश ब्रदर, तोवर तुम्हीच बघा. ‘तुम्हीच’वर जोर होता. नव्या बिल्डिंगमधल्या वॉर्डाचा इन्चार्ज कोण, हे अजून ठरलेलं नाही. म्हणजे ठरलंय, फक्त कागद निघायचाय. या दोन आठवड्यांत दाखवून द्यायचं.

संकल्प: रोज व्यायाम. स्टाफवर चिडायचं नाही. वॉर्डात टीमवर्क आणायचं. टीमवर्कची तीन दिवसांची ट्रेनिंग केलेला इथे मी एकटाच. खरं तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी नुसतं सर्टिफिकेट होतं.

दुपारी ३.००

चिडलो. कारण ओव्हर. दोन वाजता ड्युटी बदलली की जाणारी सिस्टर येणारीला घेऊन प्रत्येक खाटेपाशी उभी राहते आणि पेशंटची हकीकत सांगते, ती ओव्हर. क्रिकेटची ओव्हर सहा बॉलांत संपते. यांची पाऊण तास! पुनम सिस्टर मयुरी सिस्टरला सांगतेय, चार नंबरच्या आजीले भात नोको, कण्या दे, कण्या खाते ते. मधेच धुरपताबाई, आमची सफाईची मावशी, झाडू टेकवून म्हणे, नऊ नंबरवाली सकाळपासून रडून राह्यली, नवरा भेटाले आला नाई. हे मेडिकल आहे? गावची चावडी आहे नुसती.

७ जानेवारी, मंगळवार

ओव्हर बंद. नोटीस लावली. त्याऐवजी माझा फळा: खाट, औषध, वेळ. सगळं केसपेपरवरून मी स्वतः सुवाच्य अक्षरात उतरवणार. ‘शेरा’ असा एक रकाना ठेवला होता, पण त्याने फळा गचाळ दिसायला लागला. पुसून टाकला.

शिवाय दोन टीम. खाट एक ते दहा टीम वाघ, प्रमुख पुनम. अकरा ते वीस टीम बिबट, प्रमुख मयुरी; दोघी आता सकाळच्या पाळीला. चांगल्या कामाला स्टार. दुसऱ्या टीमच्या पेशंटला हात लावायचा नाही. प्रत्येकीला आपली जबाबदारी कळली पाहिजे, यालाच टीमवर्क म्हणतात.

पुनमने विचारलं, सर, अकरा नंबरची सलाईन संपून राह्यली अन् मीच जवळ असली तर? म्हटलं, बिबटला हाक मारायची. ती म्हणे, बिबट जेवाले गेला असन तर? सगळ्या फिदीफिदी हसल्या. धुरपताबाई तर भिंतीला टेकून हसली. यांना नवीन काही सांगणं म्हणजे डोकेफोड.

व्यायाम उद्यापासून.

९ जानेवारी, गुरुवार

मयुरीला रंगेहाथ पकडलं. बिबटची असून चार नंबरच्या आजीला कुशीवर वळवत होती! दुसऱ्या बाजूने पुनम. बिबटचा एक स्टार कापला. मयुरी म्हणे, एकटीनं ओढली तर म्हातारीची पाठ सोलून निघते, सर. म्हटलं, टेक्निक सुधारा. ती आजीची चादर सारखी करायला लागली. पटलं असावं.

दुपारी सात नंबरला मंगली नावाची मुलगी आली. एकोणीस वर्षांची, जंगलातल्या टोल्यावरची, चार झोपड्यांच्या वस्तीतली. सिकलसेल, रक्ताचा आजार. हातपाय दुखून नुसती विव्हळत होती. मराठी तिलाही येत नाही, तिच्या आईलाही नाही. धुरपताबाई अर्धा तास तिच्या उशाशी बसून गोंडीत काय काय बोलत राहिली. झाडू कोपऱ्यात तसाच! तोंडी ताकीद दिली. तर म्हणते कशी, हव ना ब्रदर, झाडतो, पयले तिचं कुठी दुखते ते तं समजू द्या.

डॉक्टरांनी लिहिलेलं तिचं इंजेक्शन लगेच फळ्यावर चढवलं. मग घरी गेलो. मला वेळेची शिस्त आहे.

११ जानेवारी, शनिवार

दोन वाजता वॉर्डात बघतो तर चादरींच्या खोलीचं दार लोटलेलं आणि आत कुजबुज. मयुरी उंबऱ्यावर उभी, एक कान आत, डोळे वॉर्डावर. मी खोकलो. आत एकदम शांत. पुनम वही घेऊन बाहेर आली. म्हणे, चादरी मोजून राह्यलो, सर. आजवर या बायांनी कधी चादरी मोजल्या होत्या? माझ्या धाकाने मोजायला लागल्या.

साहेब राऊंडला आले होते. म्हणाले, वॉर्ड बरा चाललाय. स्कोअर: वाघ ४, बिबट १.

१४ जानेवारी, मंगळवार. दुपारी १.००

पुनमला बाळंतपणाच्या खोलीत मदतीला बोलावलं. फळ्यावर सात नंबरच्या इंजेक्शनची वेळ झालेली. म्हटलं, इन्चार्जने हाताने काम करून दाखवावं. सिरिंज भरली. मंगलीचा दंड पुसला. तेवढ्यात धुरपताबाईने माझं मनगट धरलं. माझं! मावशीने! म्हणे, ब्रदर, हे नोको देऊ, पयल्या दिवशी ह्याच्यानंच पोरीचे ओठ सुजले होते, श्वास अटकला होता, डॉक्टरनं तवाच बदलून देल्लं.

मंगली भिंतीला चिकटली होती. तिची आई माझ्यापुढे हात जोडून उभी. मयुरी पळत केसपेपर घेऊन आली. त्यावर लाल शाईने लिहिलेलं होतं, नऊ तारखेलाच, संध्याकाळी. फळ्यावर जुनंच राहिलं. मी घरी गेल्यावर कोणी लिहिलं तर मला स्वप्न पडणार का? आणि मला सांगायला काय तोंड शिवलं होतं यांचं?

ओव्हर बंद आहे, याची मयुरीने आठवण करून दिली. उद्धट.

मग मी सर्वांना शांतपणे सांगितलं की हे मॉक ड्रिल होतं. स्टाफ किती सावध आहे ते तपासलं. धुरपताबाईला एक स्टार दिला. ती कोणत्याच टीममध्ये नाही, हा भाग वेगळा.

सिरिंज टाकून स्वेटर चढवला. थंडी आहे यंदा. डबा उघडला नाही, भूक नव्हती. मले काय इंजेक्शन देता येत नाई का बे? सात वर्षं झाली नोकरीला.

१५ जानेवारी, बुधवार

फळा उतरवला. रंग लावायला पाहिजे. औषधाच्या ट्रॉलीची किल्ली पुनमने मागितली. म्हणजे मीच देणार होतो. इन्चार्जने बारीकसारीक कामात अडकू नये. नव्या वॉर्डाच्या उद्‌घाटनाचं भाषण लिहायला घेतलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

मंगलीला सुट्टी झाली. स्वतःच्या पायांनी चालत गेली. धुरपताबाईच्या गळ्यात पडली, पुनमचा हात सोडेना. मला बघून आईच्या मागे लपली. जंगलातली माणसं लाजरी असतात.

भाषण झालं. चार पानं.

२० जानेवारी, सोमवार. सायंकाळी ५.३०

नीलाबाई रुजू झाल्या. साहेबांनी सगळ्यांची मीटिंग घेतली. म्हणाले, दोन आठवड्यांत एकही डोस चुकला नाही, झोपून असलेल्या एकाही पेशंटच्या पाठीला जखम नाही. हे कसं जमलं? मी उभा राहिलो. भाषण खिशात होतं.

नीलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, वहीमुळे, साहेब. ह्या पोरी रोज दोन वाजता चादरीच्या खोलीत ओव्हर घेत होत्या, अन् सारं वहीत लिहून ठेवत होत्या.

साहेब खूश. म्हणाले, आदेश, तुम्ही उभेच आहात, वाचा मोठ्याने. कुठलंही पान.

पुनमने वही हातात दिली. चौदा तारखेचं पान उघडलं. माझा आवाज चांगला आहे. खाट चार, आजीला दर दोन तासांनी दोघींनी वळवणे. खाट सात, मंगलीचं दुखणं कमी, पाणी भरपूर पाजणे, जुनं इंजेक्शन अजिबात नाही. असं करत खाट वीस, टाके कोरडे. त्याच ठेक्यात पुढची ओळही वाचून गेलो: खाट एकवीस, पुरुष, वय बत्तीस, राहणार कोरपना.

वॉर्डात खाटा वीसच आहेत. कोरपन्याचा स्टाफमध्ये मी एकटा.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेब म्हणाले, वाचा ना. वाचलं. औषधाच्या ट्रॉलीजवळ एकटं जाऊ देऊ नये. फळ्यावरून वाद घालू नये, रोज फळा केसपेपरशी ताडून पाहणे. आज सात नंबरजवळ थोडक्यात निभावलं. दुपारी जेवले नाहीत, चार वाजता चहा-पोहे द्यावे.

त्या दिवशी चारला चहा-पोहे आले होते खरे. मला वाटलं, मॉक ड्रिलचा परिणाम.

नव्या वॉर्डाचा कागद निघाला. पुनमच्या नावाने. माझी ड्युटी तिच्याच हाताखाली. उद्या दोन वाजता ओव्हरला या म्हणाली. खाटेपाशी, उघड्यावर. येतो म्हणालो.

पानावर शेवटी अजून एक ओळ होती. ती मी मीटिंगमध्ये वाचली नाही, वही मिटून टाकली. ही रोजनिशी कोणी वाचत नाही, म्हणून इथे उतरवतो. ‘ब्रदर लय भ्याले आहेत पण सांगत नाईत. एकटं सोडू नये.’

अक्षर धुरपताबाईचं आहे.