भोंग्याला लोडवर लावलं

४ मार्च

चि. माईस,

दादाचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद. गुडघा सोडून बाकी मी खुशाल आहे. पत्रास कारण असं की आपला भोंगा परत आला. उभी असशील तर आधी बस.

सोमवारी मी कारखान्यात एका मोटारीच्या बेअरिंगला कान देऊन बसलो होतो. मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी मान वळवली नाही, कारण गिऱ्हाईक असलं की आपणहून बोलतं. हा बोललाच नाही. माझं ऐकून होईपर्यंत थांबला आणि मग दादा अशी हाक मारली, तीही चारचौघांसारख्या आवाजात. लहानपणी हा प्यायला पाणी मागायचा तरी शेजारचे दार उघडून बघायचे, म्हणून तर त्याला भोंगा नाव पडलं. मला वाटलं, घसा बसला असेल.

धुतलेला शर्ट, हात स्थिर, तोंडाला वास नाही. सांगतो काय, तर त्याचं तारण झालं. मी म्हटलं, अरे, आपण जन्मापासून चर्चच्या मंडळीतले, आपलं तारण कधीच होऊन गेलं असणार असं मी धरून चाललोय. तर म्हणाला की मालकाचा भाऊ म्हणून कोणाची हजेरी लागत नाही, आत यावं लागतं. उत्तर तयार होतं गड्याचं. परगावी असताना तो एका चर्चमध्ये पंपाची मोटार काढायला गेला होता, आदल्या दिवशीची पुरती उतरलीही नव्हती. आत पाळक मूठभर माणसांना सांगत होते की सुधारून या असं प्रभू म्हणतच नाही, नुसतं या म्हणतो, सुधारणं त्याच्याकडे लागलं. हा हत्यारं खाली ठेवून दाराबाहेर रडत बसला. पंप दुसऱ्या दिवशी काढला.

आता मुद्द्याचं. ह्याचा संसार सोडून धाकटी लेकीला, चिमणीला, घेऊन तुझ्याकडे का आली ते मी विसरलेलो नाही. ह्याने दारूच्या तारेत फेकलेला पाना त्या पोरीच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर बसला होता. आता ह्याला दोघी परत हव्यात, पण तसं म्हणायला जीभ रेटत नाही. चिमणीचा खोकला कसा आहे, एवढंच तीनतीनदा विचारतो.

मी त्याला खिडकीजवळचं टेबल आणि माळ्यावरची खोली दिली आहे. पण तुला माझी रीत ठाऊक आहे. जळालेली मोटार नव्या तारेने भरली की मी ती त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. बिनलोडवर सगळ्याच मोटारी गोड चालतात. लोड टाकायचा, तापू द्यायची आणि मग कान लावायचा. भोंग्यालाही तसाच बघणार आहे. तोवर धाकटीला आशा लावू नकोस.

तुझा लोभ आहेच, त्याला अधूनमधून तेल घालत जा.

दादा


११ मार्च

ती. दादास,

माईचा सप्रेम सलाम, वि. वि. इथे आम्ही तिघी आणि आमची शिलाईयंत्रं ठणठणीत आहोत.

धाकटीला आशा लावू नकोस म्हणतोस, पण पाकिटावरचं तुझं अक्षर तिने माझ्याआधी ओळखलं. शाळेच्या गणवेशाची कॉलर अर्धी शिवून झाली होती, ती तशीच सोडून पुढ्यात येऊन बसली. मग काय लपवणार? सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोटाला दोरा गुंडाळत राहिली. मग म्हणाली की ह्यांच्या शपथा ऐकून ऐकून तिचे कान किटले आहेत, तेव्हा तारण बिरण तिला सांगू नये. पण दादांनी आजवर खराब मालाला चांगलं म्हटलेलं नाही. ते हो म्हणाले तर ती येईल, नको म्हणाले तर पुन्हा हा विषय काढणार नाही.

म्हणजे आता सगळं तुझ्या शब्दावर आलं आहे. चिमणीचा खोकला गेला, पण दुकानात कात्री जरी खाली पडली तरी ती दोन्ही कान झाकून घेते. तेव्हा घाईने हो म्हणू नकोस आणि तिरसटपणाने नकोही म्हणू नकोस.

आणि एक सांगते, राग मानू नकोस. माणूस म्हणजे मोटार नव्हे. तुझ्या परीक्षेत तू स्वतः तरी पास होशील का, हे एकदा वहिनीला विचारून बघ.

माया कमी करू नकोस, खोड्या कमी केल्यास तरी चालतील.

तुझी माई


२ मे, दुपार

चि. माईस,

दादाचे आशीर्वाद. वहिनीला विचारलं नाही. उत्तर आधीच माहीत आहे.

घाईत लिहितोय. इतके आठवडे मी भोंग्याला लोडवर लावला होता. बर्फाच्या कारखान्याचा मालक, जो नमस्कारही शिवी घालून करतो, त्याचं सगळं काम ह्याच्या गळ्यात घातलं. हा शिव्या ऐकून घेई आणि मोटार नीट करून देई. आपल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला फूस लावून जुन्या दिवसांवरून टोमणे मारायला लावले, तर हा त्यालाच चहा आणून देऊ लागला. मिस्त्री दोन दिवसांत फितूर झाला. म्हणाला, मालक, माझ्याच्याने आता होत नाही, तुम्हीच मारा टोमणे. खरं सांगू का, मला ह्या शहाण्या भोंग्याचा संशयच यायला लागला. ज्या मोटारीचा अजिबात आवाज येत नाही, ती बहुधा बंदच असते.

म्हणून आज शेवटचं वजन टाकलं. त्याने एक मोठी मोटार भरून संपवली होती. दोन दिवस मान वर केली नव्हती. मी चारचौघांत सांगितलं की काम चुकलं आहे, सगळं कापून काढ आणि पुन्हा भर. काम चुकलेलं नव्हतं. मला ते माहीत होतं आणि त्यालाही.

माई, भोंगा वाजला. बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली, इतका वाजला. माझा बाप काढला, जो त्याचाही होता. आणि हातातला लाकडी हातोडा भिरकावला. तो मिस्त्रीच्या स्टुलाशेजारी तारांच्या ढिगात पडला. कोणाला लागलं नाही. मग हा तरातरा निघून गेला.

मला वाटलं होतं, पकडला म्हणून बरं वाटेल. बरं वाटलं नाही. जेवणाचा डबा तसाच आहे. पण डोळ्यांसमोर ती पोरगी आणि तो पाना येतो. धाकटीला सांग, दादाचा शब्द नको असा आहे.

लोभ ठेव, आज जरा जास्तच ठेव.

दादा


२ मे, संध्याकाळ

प्रिय माई,

सलाम. हे अक्षर बघून पत्र फाडू नकोस. फाडलंस तरी तुला दोष नाही, पण आधी वाच.

आज कारखान्यात दादाने मला भरलेली मोटार कापायला सांगितली. मी ओरडलो, वाटेल ते बोललो आणि हातोडा फेकला. मिस्त्रीला लागला असता. प्यालेलो नव्हतो, त्यामुळे दारूवर ढकलायचीही सोय नाही. हे धाकटीला सांग. दादाच्या किंवा आणखी कोणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे. मी अगदी बदललो आहे असं समजून ती आली, तर ती फसवणूक होईल.

माझी समजूत होती की तारण झालं म्हणजे राग मेला. मेलेला नाही. बाहेर पडलो तेव्हा पाय सवयीने गुत्त्याच्या दिशेनेच वळले होते. पूर्वी असं काही केलं की मग मी आणि बाटली, तिसरं कोणी नसायचं. तोंड दाखवायला जागाच नसायची. आज कोपऱ्यावर थांबलो आणि प्रभूला म्हटलं, बघितलंस ना मी काय केलं. त्याने मला सोडलं असेल असं क्षणभरही वाटलं नाही. हे कसं समजावू तुला? लाज होतीच, पण लाजेसकट जायला घर होतं. मी परत फिरलो. सगळे निघायच्या आत पोचलो. मिस्त्रीची माफी मागितली, बाकीच्यांची मागितली, दादाची मागितली. दादा नुसता माझ्याकडे बघत राहिला. उद्या मोटार कापून पुन्हा भरणार आहे.

धाकटीला ये असं म्हणत नाही. तिला यावंसं वाटलं तर यावं, नाही वाटलं तरी तिचं बरोबरच आहे. मला ज्याने जवळ घेतलं, तो तिलाही सांभाळतो आहे आणि तुझ्या हातून सांभाळतो आहे, याचे आभार मी रोज मानतो. तुझेही मानायचे होते, ते आज मानतो.

तू आजवर लावलास तेवढा जीव पुरे आहे. वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझा धाकटा भाऊ


४ मे

चि. माईस,

दादाचे आशीर्वाद. परवाचं पत्र पोचलं असेल तर त्यातला शब्द मी मागे घेतो. मागे घेण्याचा हा माझा पहिलाच शब्द, तेव्हा जपून ठेव.

परवा पत्र पेटीत टाकून आलो आणि बघतो तर हा परत हजर. कारखान्याच्या मध्यभागी उभा राहून एकेकाची माफी मागत होता. मिस्त्री रडू लागला, त्याला रडायला फारसं काही लागत नाही म्हणा. मी मात्र माझी फाटलेली जीभ शिवून बसलो होतो. वाटलं, उद्या बघू.

काल सकाळी मी पोचलो तर आतून छिन्नीचा आवाज येत होता. माझे कान अजून शाबूत आहेत, तांबं कापल्याचा आवाज मला झोपेतही कळेल. मी चुकलं म्हटलं म्हणून हा आपलं निर्दोष काम स्वतःच्या हाताने कापत होता. कपाळाला आठी नाही, उलट काहीतरी गुणगुणत होता. मला ते ऐकवेना. ह्या कारखान्यात मी चांगल्या कामाला कधी वाईट म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेही सख्ख्या भावाच्या. मी त्याचा हात धरला आणि खरं काय ते सांगून टाकलं. काम बरोबर होतं, मी खोटं बोललो, इतके दिवस तुझी परीक्षा घेत होतो.

त्याने मान वर केली. मनात म्हटलं, आता वाजणार, आणि ह्या वेळी हक्काने वाजणार. त्याने छिन्नी खाली ठेवली, कापलेल्या तारा बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला की परवा हे कळलं असतं तर छिन्नीच फेकली असती. मग हसायला लागला. मी माफ कर म्हणायला सुरुवात केली तर ते वाक्य पुरंही होऊ देईना. म्हणाला, दादा, तुला सवय नाही, दमशील. ती मोटार मग आम्ही दोघांनी मिळून भरली. मला चष्म्यातून तार दिसत नव्हती, ती चष्म्यामुळे नव्हे.

काल मी त्याला विचारलं की मला इतक्या सहज कसं सोडलंस. तर म्हणाला की त्याला सोडलं तेव्हा कोणी हिशेब लावला नव्हता, मग तो माझ्याशी कुठल्या तोंडाने लावणार. माई, आयुष्यभर चर्चच्या मागच्या बाकावर डुलक्या काढल्या, पण हे आजवर माझ्या कानात शिरलं नव्हतं. रविवारी मी पुढच्या बाकावर बसणार आहे. वहिनीला अजून सांगितलेलं नाही, ती डॉक्टरला बोलावेल.

धाकटीला सांग, दादाकडे आता शब्द नाही, हो सुद्धा नाही आणि नको सुद्धा नाही. मला काही समजत नाही एवढंच समजलं आहे. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

होता तेवढा लोभ राहू दे, ह्या पत्रानंतर वाढेल असं वाटत नाही.

दादा


१० मे

ती. दादांस,

धाकटीचा नमस्कार व सलाम. मी तुम्हांला कधी पत्र लिहिलेलं नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं नको आणि ह्यांचं पत्र एकाच डाकेने आलं. तुमचं आधी वाचलं आणि ते मला पटलं. जायला काढलेली कपड्यांची पेटी परत कुलूप घालून ठेवून दिली. मग माईंनी ह्यांचं वाचून दाखवलं. दादा, आमच्या संसारात ह्यांनी केलेलं मला नेहमी दुसऱ्याकडून कळायचं, नाहीतर भिंतीवरच्या खुणेवरून. केलं म्हणून ह्यांनी स्वतः सांगितलं, असं एकदाही झालेलं नव्हतं. मी ते पत्र माईंकडून मागून घेतलं.

तुमचं दुसरं पत्र आल्यावर माई हसल्या आणि मीही हसले, क्षमा असावी. पण माझं आधीच ठरलं होतं. हे सुधारले म्हणून मी येत नाही. हे पडले आणि पडल्या जागेवरून बाटलीकडे न जाता माणसांत परत आले, म्हणून येते. ज्याने ह्यांना परत फिरवलं, त्याच्यावर मी थोडा भरवसा टाकून बघणार आहे. ह्यांच्यावर नंतर.

सुटी लागली की मी आणि चिमणी येऊ. राहू तुमच्या घरी, वहिनींजवळ. ह्यांनी माळ्यावरच राहावं आणि जेवायला खाली यावं. पुढचं पुढे. आम्हांला उतरवून घ्यायला तुम्ही एकटेच या.

आजवर लेकीसारखी माया केलीत, तशीच असू द्या.

तुमची धाकटी


२३ मे

चि. माईस,

दादाचे पुष्कळ आशीर्वाद. दोघी सुखरूप पोचल्या. चिमणी केवढी उंच झाली आहे, तिला काय खतपाणी घालत होतीस?

भोंगा दुपारपासून माळ्यावर येरझारा घालत होता. खाली आम्हांला वरचं एकेक पाऊल ऐकू येत होतं. वहिनी म्हणाली की असाच चालत राहिला तर बसल्या जागी दुसऱ्या गावाला पोचेल. जेवायला हाक मारली तेव्हा खाली आला आणि दारातच थांबला. धाकटीने त्याच्याकडे नीट बघून घेतलं, घाई केली नाही. मग आपल्या समोरची खुर्ची पायाने थोडी मागे सरकवली. तो बसला. चिमणी वहिनीला चिकटून होती, पण डोळे बापावरच.

मी घरातला वडील, पण जेवणाआधी प्रभूचे आभार मानायला मी भोंग्याला सांगितलं. आम्ही डोळे मिटले. तो हे प्रभू म्हणाला आणि पुढे शब्दच येईना. आम्ही वाट बघतोय, ताटातलं निवतंय. ह्याचा नुसता श्वास ऐकू येतो. आजवर ह्याला गप्प करायला सगळं घर झटलं, आणि आता बोल म्हणायची वेळ आली तर हा बोलेना. मी एक डोळा उघडून बघितलं. गाल ओले, ओठ हलताहेत, आवाज नाही.

शेवटी चिमणीनेच गाडी पुढे नेली. डोळे गच्च मिटून म्हणाली, बाबांना काय म्हणायचं आहे ते प्रभूला माहीत आहे, आणि तिला भूक लागली आहे, आमेन.

आम्ही सगळे आमेन म्हणालो. सगळ्यात मोठ्याने मी म्हणालो असं वहिनी म्हणते. असेल.

तुझी खुर्ची मोकळी आहे. दुकानाला दोन दिवस कुलूप लाव आणि ये, लोभ पत्रातून पुरत नाही.

तुझा दादा