नकटा सिंह

३ फेब्रुवारी

आमचं घर पुरेसं जुनं दिसत नाही म्हणे! पर्यटन विकासवाल्यांची बाई आली होती, गॉगल डोक्यावर. टेकडीवरच्या प्राचीन अवशेषांकडे जाणारी गल्लीही प्राचीन दिसायला हवी — म्हणून प्रत्येक घराला पुढून फायबरचा दगड ठोकणार. मी म्हटलं, अहो, आमच्या दाराशी त्या अवशेषांतलाच खरा दगड बसवलाय, हा सिंह बघा. तिने पाहिलं. "हो, पण याला नाक नाहीये ना."

४ फेब्रुवारी

त्याच कामावर यांना सुपरवायझर नेमलं. गळ्यात ओळखपत्र. आरशासमोरून हलेनात.

९ फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण. माझं म्हणणं एवढंच — सिंह झाकू नका. सासऱ्यांचे डोळे जाऊन वर्षं झाली, तरी रोज सकाळी एकटे बाहेर पडतात. भिंती चाचपत कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जातात, तिथे गप्पांचा फड. परतताना नकट्या सिंहाच्या तोंडावर हात पडला की दारातूनच हाक — "आलो गं!" तेवढंच त्यांचं जग उरलंय.

"एका घराला सूट दिली तर सगळी गल्ली माझ्या उरावर बसेल," हे म्हणाले. "बाबांना होईल सवय."

स्वतःच्या बापाबद्दल बोलत होते!

१३ फेब्रुवारी

ठोकलं. सिंहावर सिंह. गल्लीभर प्रत्येक दाराला तोच, धारदार नाकाचा. टिचकी मारली तर प्लॅस्टिकच्या बादलीसारखा वाजतो.

१६ फेब्रुवारी

बाबा शेजारच्या शिलाईवाल्या काकूंच्या घरात शिरले. चपला काढून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सूनबाई, पाणी आण." काकूंनी पाणी दिलं, मग हाताला धरून आणून सोडलं. बाबा खो खो हसले. "माझी काय चूक? सगळ्यांनाच नाकं फुटलीयेत!" मीही हसले. नंतर भांडी घासताना रडू आलं.

१९ फेब्रुवारी

आज समोरच्या नव्या लॉजमध्ये. थेट पाहुण्यांच्या खोलीत! कुणी बाई किंचाळली. मग घाबरलेल्या म्हाताऱ्याचे फोटो काढले तिने, तेही हसत हसत. मालकाने बाबांना दंडाला धरून बाहेर काढलं — "म्हाताऱ्याला बांधून ठेवा!" हे तिथेच उभे, ओळखपत्र घालून. शरम वाटली मला यांची.

२० फेब्रुवारी

बाबा बाहेर पडले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

२४ फेब्रुवारी

अजून गुडघाच. न्हावी विचारायला आला, "आजोबा रुसले की काय?" बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. गॉगलवाली दारावरून गेली, सोबत कुणी साहेब — गल्ली कशी जिवंत वाटतेय, असं त्यांना सांगत होती. जिवंत! आत येऊन बघ म्हणावं.

यांच्याशी मी बोलणं टाकलंय. ताट वाढते, तेही आपटून. नोकरी प्यारी ना, बसा कवटाळून.

२७ फेब्रुवारी

आज उद्घाटन. सकाळी दारातून हाक आली — "आलो गं!" धावले. फायबरच्या सिंहाचं तोंडच कापून काढलेलं, आत आमचा नकटा, आणि त्याच्यावर बाबांचा हात. "न्हाव्यापर्यंत पोरगा आला होता सोबत," बाबा म्हणाले. "येताना म्हणाला, आता एकटे जा."

हे मागे कोपऱ्यावर उभे होते. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. बाहीभर फायबरचा पांढरा भुगा. गॉगलवाली यायच्या आत मी यांचा शर्ट काढून घेतला आणि भिजवला.