उष्टावण राहिलं

डोंबिवली (पूर्व)
११ फेब्रुवारी २०२४

ती. कांताताईस,
आनंदचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला हल्ली मोठ्याने बोलवत नाही, म्हणून लिहितो आहे. सोनलला जाऊन पाच महिने झाले. नंदा स्वयंपाक करते, लेकीच्या मागे मुक्ताचं सगळं करते, बोलत मात्र नाही.

मुक्ताला नववा महिना संपत आला. रविवारी प्रितम विठ्ठलवाडीहून आला, तेव्हा त्याची आईही सोबत होती. आवडाबाईंनी मुक्ताला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, नात उचललेली कळतसुद्धा नाही. जावईबापू खाली बघत राहिले. बाई मनाने वाईट नाहीत, पण मला ते लागलं. शेजारचं बाळ हिच्याहून लहान असून घरभर रांगतं. मुक्ता बसवली तर बसते, पण लवकर दमते. जन्मली तेव्हा पावणेतीन किलोची, चांगली होती.

सोनल या वयात कशी होती, मला आठवत नाही. मी तेव्हा कंपनीत पाळ्या करत होतो. नंदाला विचारवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

तुझा,
आनंद


खडवली
१७ फेब्रुवारी

चि. आनंद यास,
अनेक आशीर्वाद.

सोनल काटकुळीच होती. पहिल्या वाढदिवसाच्या फ्रॉकला मला दोन्ही बाजूंनी टाके घालावे लागले होते, आणि दहावीत तुझ्या खांद्याच्या वर गेली. तू तरी कुठला पहिलवान होतास? अंगाने भरलेला दिसावास म्हणून आई तुला बाहेर नेताना एकावर एक दोन झबली घालायची. प्रत्येक मुलाची चण वेगळी. आवडाबाईंना सांग, नात आहे, भोपळा नाही. आणि शेजारच्या बाळाकडे बघणं बंद कर.

एवढं मोठं पत्र लिहिलंस, पण ती काय खाते ते लिहिलं नाहीस. आता मऊ भात, वरण, केळं चालू असेल. उष्टावण कधी केलंत तेही कळवलं नाहीत. कोणाला बोलवावंसं वाटलं नसणार, ते मी समजू शकते. तरी काय खाते ते कळव.

नंदाला जवळ घेतलं आहे असं सांग.

तुझी,
ताई


डोंबिवली
२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की मुक्ता फक्त दूध पिते. सहाव्या महिन्यात उष्टावणाचा विषय निघाला तेव्हा नंदा म्हणाली, वर्ष झाल्याशिवाय घरात शुभकार्य नाही, आणि उष्टावणाशिवाय बाळाच्या तोंडात अन्न घालायचं नाही. तिच्या माहेरची तशी रीत आहे. मला त्यात वावगं वाटलं नाही.

तुझं पत्र वाचून मी मुक्ताला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी सगळे कपडे काढून तिचं वजन केलं, फळीवर निजवून लांबी घेतली, डोक्याभोवती टेप लावली. मग कार्डावरच्या वाढीच्या रेषा दाखवल्या. काही मुलं वरच्या रेषेने वाढतात, काही खालच्या. आईबापांची चण मुलांत येते, लहानखुरं असणं हा आजार नाही, असं त्या म्हणाल्या. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या वजनाची दुप्पट होते, वर्षाला तिप्पट, मग वेग कमी होतो. पण मूल आपल्या रेषेने वर चढत राहिलं पाहिजे. मुक्ताची रेषा सहाव्या महिन्यापर्यंत चढली आहे आणि तिथून आडवी गेली आहे. लांबी अजून फार मागे नाही, डोक्याची वाढ ठीक आहे. असंच चाललं तर लांबीही थांबेल, आणि ती भरून निघणं कठीण असतं. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही. काय खाते ते मी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. आजपासून भरवा, म्हणाल्या.

घरी येऊन नंदाला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती. किती दिवसांनी एक पूर्ण वाक्य बोलली.

"घास भरवायला तिची आई नाही, हे मी माझ्या हाताने कसं कबूल करू?"

त्याला आज तीन दिवस झाले. मुक्ता दुधावरच आहे.

आनंद


खडवली
२८ फेब्रुवारी

चि. आनंद यास,
आशीर्वाद.

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. मी काटकुळीची गोष्ट लिहून तुला उगाच धीर दिला. सोनल काटकुळी होती, पण सहा महिन्यांची असल्यापासून माझ्या ताटातला भात मुठीने ओढायची.

पाट, औक्षण, चांदीची वाटी, पाहुणे, यांतलं काही करू नका. वर्ष झाल्यावरही केलं नाहीत तरी चालेल. पण मुलीला जेवू घाला. नंदाशी भांडू नकोस आणि तिची परवानगीही मागू नकोस. मुगाची डाळ आणि तांदूळ एकत्र मऊ शिजव, घोटून घे, वर तूप घाल. डॉक्टरांनी मीठ नको म्हटलं असेल तर घालू नकोस. नंदा रागावली तर ताईने सांगितलं म्हण. माझ्यावर रागावलेली मला चालेल.

गुडघे धड असते तर मीच आले असते.

ताई


डोंबिवली
१७ मार्च

ती. कांताताईस,
आनंदचा सा. नमस्कार.

काल मुक्ताचं वजन केलं. थोडं वाढलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, वजन भरून येईल, उंचीचं आत्ताच सांगता येणार नाही, दर महिन्याला मोजत राहू. प्रितमला मी फोन करून सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, येतो रविवारी. आवडाबाई मुक्ताला विठ्ठलवाडीला न्यायचं म्हणतात. ते अजून ठरलेलं नाही.

पहिल्या दिवसाचं तुला कळवायचं राहिलं. तुझं पत्र आलं तेव्हा नंदा स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी छोट्या कुकरमध्ये डाळ-तांदूळ लावले. फार घट्ट झालं, म्हणून गरम पाणी घालून घोटलं. तिच्या पाठीमागे करायचं नव्हतं, म्हणून मुक्ताला मांडीवर घेऊन तिच्या समोरच बसलो. ती मेथी निवडत राहिली. पहिला घास मुक्ताने जिभेने बाहेर ढकलला. दुसराही. तिसरा तिने तोंडात घोळवला आणि गिळला.

नंदाचे हात थांबले. ती म्हणाली, "आता गेली सोनल."

मग ती रडली. त्या दिवशी स्मशानातून आम्ही परत आलो तेव्हाही रडली नव्हती. वाटी खाली ठेवून तिच्याजवळ जावं असं मला वाटलं. पण मुक्ताने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं होतं, म्हणून मी भरवत राहिलो.

गुडघ्यांना जप. आम्हा तिघांवर तुझी माया असू दे.

तुझा,
आनंद