जिन्यातील सुगंधपेट्या काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
नॉयहाल्डे गृहनिर्माण सहकारी संस्था,
ब्रेंटलिंगन.

अर्जदार : एरविन रेंट्श्लर, वय ७६, कातडी कमावण्याच्या कारखान्यातील निवृत्त कामगार, राहणार घर क्र. ११, तिसरा मजला, डावीकडील सदनिका.

विषय : घर क्र. ११ च्या जिन्यात बसविलेल्या सुगंधपेट्या काढून टाकणे व जिना साध्या साबणाच्या पाण्याने पुसण्यास मुभा मिळणे.

संदर्भ : १) आपली सप्टेंबरमधील नोटीस, "जिन्यास स्वच्छतेचा वास नसणे".
२) आपली चालू महिन्यातील नोटीस, "संस्थेच्या मालमत्तेची हानी".

महोदय,

१. अर्जदार आपल्या संस्थेचा सभासद असून लग्न झाल्यापासून वरील सदनिकेत पत्नी रोझविता हिच्यासह राहत आहे. एवढ्या काळात सायकली, कचरा किंवा दुपारच्या विश्रांतीच्या वेळी होणारा आवाज, यांपैकी कशावरूनही अर्जदाराविरुद्ध तक्रार आलेली नाही. जिना पुसण्याच्या पाळीची पाटी आमच्या दाराच्या मुठीला लागली आणि त्या शनिवारी जिना पुसला गेला नाही, असेही कधी घडलेले नाही. हे आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, पहिल्या नोटिशीत आपण अर्जदारास "स्वच्छतेबाबत उदासीन" म्हटले आहे. ते वाचून अर्जदाराला वाईट वाटलेच, पण रोझविता दोन दिवस नीट जेवली नाही.

२. वस्तुतः जिना पुसण्याचे काम पूर्वी तीच करीत असे, आणि तिची पद्धत साऱ्या इमारतीला ठाऊक आहे. पायऱ्यांना क्लोरीनचे पाणी, कठड्याला एक फवारा, काचांना दुसरा, आणि नळावर धरणाऱ्या पांढऱ्या चुनखडीला तिसरा. आमच्याकडचे पाणी किती जड आहे, हे आपणांस सांगावयास नको. न्हाणीघरात ती दार लावून फवारे मारी. दार उघडे ठेवले तर वास फुकट जातो, असे तिचे म्हणणे. बाहेर येई तेव्हा डोळे लाल आणि चेहऱ्यावर मोठे समाधान. अर्जदाराचे नाक कारखान्याच्या कुंडांवर काम करता करता कायमचे बधिर झाले आहे. त्यामुळे घरात कसला दर्प साचतो हे त्याला कळत नसे. त्याला फक्त तिचा खोकला ऐकू येई.

ती चर्चच्या गायनवृंदात गात असे. प्रथम तिला लांब सूर धरवेना, मग ती मागच्या रांगेत गेली, आणि मग "थंडी फार असते तिथं" म्हणून जाणेच सोडले. जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबून कठड्यावरून बोट फिरवी आणि धूळ आहे का ते पाही. ती धूळ पाहत नसून श्वास गोळा करीत असे, हे अर्जदाराच्या उशिरा ध्यानात आले.

३. फुप्फुसांच्या डॉक्टर एबिंगर यांच्याकडे तिला नेले असता जे बोलणे झाले ते जसेच्या तसे देत आहे, कारण पुढील सर्व प्रकरण त्यावर अवलंबून आहे. डॉक्टरांनी विचारले, "घरात सिगारेट कोण ओढतं?" कुणी नाही, असे सांगितले. "कारखान्यात कोण होतं?" अर्जदार म्हणाला, "मी." तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि फुप्फुसं हिची गेलीत." मग घरात पुसायला काय काय वापरता ते सारे घेऊन या, असे त्यांनी सांगितले. अर्जदार दोन पिशव्या भरून घेऊन गेला. डॉक्टरांनी एकेक बाटली टेबलावर मांडली. टेबल भरले, तेव्हा उरलेल्या खिडकीत ठेवल्या.

"केवळ यानंच झालं असं मी छातीठोक सांगत नाही," त्या म्हणाल्या, "पण इतकी वर्षं, बंद खोलीत, हे रोज छातीत जात होतं. आता यातलं एकही घरात नको."

रोझविता संतापली. "म्हणजे घर स्वच्छ ठेवलं म्हणून मी आजारी पडले? कुणाला सांगायची सोय आहे का? आणि आता काय, घाणीत लोळू?"

"बाई, कोमट पाणी, साधा साबण, फडकं आणि उघडी खिडकी. घर स्वच्छच राहील. फक्त त्याला वास येणार नाही."

"वास नाही आला तर कळणार कसं?"

डॉक्टरांनी दाखला लिहावयास घेतला.

४. त्या दिवसापासून जिना अर्जदार पुसू लागला. गुडघे कुरकुरत असूनही त्याने प्रत्येक पायरीचे कोपरे हाताने पुसले आहेत. परंतु काही काळाने आपली पहिली नोटीस आली. तिच्यात जिना "दिसावयास स्वच्छ" असल्याचे आपणही मान्य केले आहे. आक्षेप एवढाच की, त्यास स्वच्छतेचा वास येत नाही. खुलासा मागविण्याऐवजी आपण पाहणी समितीचे दोन सदस्य पाठविले. त्यांनी प्रत्येक मजल्यावर वाकून हुंगले व नोंद केली. तळमजला, लिंबू. पहिला, लिंबू, मंद. दुसरा, देवदार. तिसरा, निर्गंध. जाताना एक सदस्य आपुलकीने म्हणाले, "अहो रेंट्श्लर, शेवटी जरा काहीतरी शिंपडून टाकत जा की. कुणाचं काय जातंय?"

अर्जदार म्हणाला, "बायकोचा श्वास जातो."

त्यांना तो विनोद वाटला. हसत हसतच ते जिना उतरले. त्यांचे हसणे दारामागे उभ्या असलेल्या रोझविताने ऐकले.

५. आता ऑक्टोबरमधील अपघाताविषयी. आपल्या दप्तरी तो "किरकोळ" म्हणून नोंदला गेल्याचे समजते.

दुसऱ्या मजल्यावरील शेजारीणबाई अर्जदारानंतर जिना पुन्हा पुसत असत. त्यांचे नाव लिहिणार नाही असा अर्जदाराने त्यांना शब्द दिला आहे. त्या शनिवारी अर्जदार पाव आणायला गेला होता. थंडीमुळे जिन्याच्या खिडक्या बंद होत्या. क्लोरीनच्या पाण्याने डाग निघेना, म्हणून बाईंनी त्याच बादलीत चुनखडी काढण्याचे आम्ल ओतले. दोन्ही चांगली, तर मिळून आणखी चांगली, असा त्यांचा साधा हिशेब. बादलीतून जो वायू उठला त्याने त्या जागीच खाली बसल्या.

इमारतीत त्या वेळी ज्यांनी आवाज ऐकला असेल त्यांनी दारे उघडली नाहीत. उघडले फक्त रोझविताने. जी बाई चार पायऱ्या चढताना कठडा धरते, ती एक मजला उतरून गेली. तिने आधी खिडकी उघडली, आणि मग शेजारीणबाईंना काखेत धरून खिडकीपाशी ओढले. "डोकं बाहेर काढा हो, बाहेर," असे ती सांगत होती, हे त्या बाईंनीच नंतर अर्जदाराला सांगितले. मग तिचे बोलणे थांबले. अर्जदार पाव घेऊन परतला तेव्हा एक बाई खिडकीत वाकून ओकत होती आणि दुसरी, म्हणजे त्याची पत्नी, पायऱ्यांवर आडवी पडली होती. तिचे ओठ निळे होते. अर्जदाराने तिला खाली अंगणात कसे आणले, हे त्याला सांगता येणार नाही. तिचा एक जोडा जिन्यातच राहिला होता, एवढे आठवते.

शेजारीणबाई दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून घरी आल्या. रोझविता आजही रुग्णालयात आहे. नाकात प्राणवायूची नळी आहे, आणि ती आता कायम राहील असे सांगण्यात आले आहे.

६. एवढे झाल्यावर संस्थेने काही उपाय योजावा, अशी अपेक्षा होती. संस्थेने योजला. जिन्यात क्लोरीनचा उग्र दर्प राहिल्याने रहिवाशांच्या मनावर ताण येतो, असे कारण देऊन आपण प्रत्येक मजल्यावर एकेक सुगंधपेटी बसविली. ती पेटी थोड्या थोड्या वेळाने देवदाराच्या वासाचा फवारा आपणहून सोडते, मग जिन्यात कोणी असो वा नसो. याचा परिणाम असा की, आता वास आपोआप येत असल्याने जिना कोणी पुसतच नाही. पाटी दारोदार फिरते, पण बादली फिरत नाही. तळमजल्यावर मॅपलची ओली पाने चिकटून बसली आहेत. याबद्दल मात्र एकही तक्रार झालेली नाही.

दुसऱ्या नोटिशीत म्हटल्याप्रमाणे अर्जदाराने तिसऱ्या मजल्यावरील पेटीतील बॅटऱ्या काढल्या, हे खरे आहे. पेटी फोडलेली नाही, ओरखडाही नाही. बॅटऱ्या सोबत परत करीत आहे. परंतु तीन मजल्यांवरील पेट्या तशाच चालू असताना चौथी बंद करून काही साधत नाही, हे अर्जदाराला उमगले आहे, कारण रोझविताला घरी यायचे तर खालूनच वर यावे लागेल.

७. शेजारीणबाईंना या अर्जावर सही करण्याची विनंती केली होती. त्या वेणीसारखा वळलेला गोड पाव घेऊन आल्या, पण सही केली नाही. म्हणाल्या, "मी बादलीत काय ओतलं ते कागदावर राहील, रेंट्श्लर. मी मेल्यावरही लोक वाचतील." मग म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून घरात कुणी बोलत नाही. शनिवारी तो वास आला की वाटायचं, घर अजून चालू आहे." अर्जदार त्यांच्यावर रागावणार होता. त्याला रागावता आले नाही. दोघांनी पाव खाल्ला.

रोझविताचाही या अर्जास विरोध आहे. ती नळीमुळे तुटक बोलते. "नको लिहूस, एरविन. गावभर होईल. म्हणतील, तिला साधं पुसता येत नव्हतं." तिला आजाराची जेवढी भीती नाही तेवढी या बोलण्याची आहे. म्हणून हा अर्ज तिच्या अपरोक्ष केलेला आहे. याचे उत्तर कृपया दर्शनी फलकावर लावू नये.

८. रुग्णालयाने तिला येत्या गुरुवारी सोडण्याचे ठरविले आहे. परंतु जिन्यातील हवा आहे तशीच राहणार असेल तर तिला या घरी पाठविता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तसे झाल्यास शेजारच्या गावातील शुश्रूषागृहात तळमजल्यावर एक खाट रिकामी आहे. खाट एकच आहे.

तरी विनंती की,

(अ) चारही सुगंधपेट्या तत्काळ काढाव्यात, व जिन्याच्या खिडक्या दिवसा उघड्या ठेवण्यास परवानगी द्यावी;

(ब) जिना साबणाच्या पाण्याने पुसणे हे पुसणेच समजावे. इतर रहिवाशांना ते मान्य नसल्यास चारही मजले अर्जदार स्वतः पुसेल. त्याबद्दल त्याला काही नको;

(क) पहिल्या नोटिशीतील "उदासीन" हा शब्द मागे घ्यावा. दुसरी नोटीस राहू दिली तरी चालेल.

यातले काहीच शक्य नसल्यास, हाच अर्ज सदनिका सोडल्याची सूचना समजावी. रोझविता शुश्रूषागृहात असताना अर्जदार या घरात एकटा राहणार नाही. शुश्रूषागृहाच्या गावात तो भाड्याची खोली पाहील. तिला अद्याप यातले काही ठाऊक नाही. काल तिने विचारले, "पडदे धुतलेस का?" धुतले, असे सांगितले. "कशानं?" साबणाने, असे सांगितले. ती म्हणाली, "बरं. आल्यावर बघते."

ती कोठे येणार आहे, हे तिला गुरुवारपूर्वी सांगता यावे, एवढ्यासाठी उत्तर बुधवारपर्यंत मिळावे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
एरविन रेंट्श्लर

ब्रेंटलिंगन, दि. २४ नोव्हेंबर २०१४

सोबत : १) डॉ. एबिंगर यांचा दाखला. २) दोन्ही नोटिशींच्या प्रती. ३) बॅटऱ्या.