पांढरी अक्षरं बाहेरच्या बाजूला

प्रिय ताई,

आधी मला एक सांग, तुझ्या घराच्या अलीकडे जो ओढा लागतो त्यातले दगड केवढे आहेत? उशीएवढे की डोक्याएवढे? पाणी घोट्यापर्यंत असतं की गुडघ्यापर्यंत? आणि तो शेवटचा चढ, जिथे तुझ्या मेंढ्यांची औषधं आणणारी गाडी अडकते आणि तू ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडतेस, तिथे माती आहे की खडी? हसू नकोस, मी शुद्धीवर आहे. बाबांच्या जीपला नवे टायर घालतेय आणि मला दुसरं काही सुचेनासं झालंय. परवा एका बाईच्या कोटाची बाही मापता मापता मी तिला रिमचा व्यास विचारला.

तुला वाटत असेल, टायर म्हणजे टायर, काळा आणि गोल. मलाही तसंच वाटायचं. दुकानात जाऊन टायरवाल्या काकांना म्हटलं, दगडधोंड्यांत चालतील असे चार द्या. माझ्या दुकानात येऊन कुणी ‘एक कपडा शिवा’ म्हटलं तर मी जशी बघेन, तसे ते बघायला लागले. मग त्यांनी खडूनं फरशीवर लिहिलं, २३५/७५ आर १५. ऐक आता गंमत. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा रबराच्या भिंतीच्या उंचीचा, पण ती सरळ सांगायची नाही, रुंदीच्या शेकडा पंचाहत्तर असं आडवळणानं सांगायचं. आणि तिसरा रिमचा, तो इंचांत! असं माप मी कधी वहीत लिहिलं असतं, तर आईनं टेप माझ्याच गळ्याभोवती आवळली असती.

मला अर्थातच सगळ्यात मोठे हवे होते. तिथे एकतीस इंची धूड उभं होतं, दातेरी, बघूनच दगडांनी वाट सोडावी असं. काका म्हणाले, “घ्या की, पण टायर तीन इंचांनी वाढला तरी गाडी दीडच इंच उचलली जाते.” मला पटेना. घरी येऊन बशी आणि ताट घेऊन बसले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाढलेलं निम्मं माप आसाच्या वर जातं, गाडी उचलली जाते ती खालच्या निम्म्यानं. शिवाय एवढा टायर आपल्या जीपला पूर्ण वळणावर आत घासतो, म्हणून स्प्रिंगांवर ठोकळे घालून अख्खी गाडी आणखी दोन इंच वर घ्यावी लागते. मग शेजारचा मोटारवेडा म्हणाला, रिमच मोठी घाला, सतरा इंची, चकचकीत, काय रुबाब दिसेल! त्यावर काकांनी कपाळाला हात लावला. बाहेरचं माप तेच ठेवून रिम वाढवली तर रबर कमी उरतं, आणि दगडावर धक्का खातं ते रबर. ते नसलं की धक्का थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. कोण बसणार आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आई.

ते म्हणाले, मग त्यांना घेऊन या. ट्रायल घेतल्याशिवाय तुम्ही तरी कपडा देता का?

तर काल आईची ट्रायल झाली. तिथे ठोकळे घालून उचललेली एक जीप उभी होती, तिच्यात चढायला आईनं पाय उचलला, पण पाय पायरीला पोचेना. मी मागून ढकलायला लागले तर म्हणाली, “मी काय पोतं आहे?” ते धूड तिथेच निकालात निघालं. आपली जीप मात्र तिनं हँडल धरून सर केली आणि आत बसून राणीसारखी इकडेतिकडे बघितलं. काकांचं म्हणणं, २३५ च घ्या, आताच्यापेक्षा गाडी अर्धा इंचच वर जाईल, रबर भरपूर राहील आणि दगडांवर थोडी हवा काढली की गादीसारखं चालेल. मीटर मात्र जरा खोटं बोलेल, शंभर दाखवेल तेव्हा आपण एकशेचार गेलेलो असू. आई म्हणाली, जास्त जाऊन कमी सांगतंय, गुणी आहे.

मग ती स्टुलावर बसून टायर चाचपायला लागली. मला काहीच वाटलं नाही. शिवण डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासायची, हे तिनंच आपल्याला शिकवलंय. टायरच्या भिंतीवर आकडे उठावाचे असतात. त्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, दोनशे पस्तीस. बरोबर होतं. काका हसले, “आजी, कशाला त्रास घेता, समोर फळ्यावर एवढं मोठं लिहिलंय की!” आणि आई म्हणाली, “कुठल्या फळ्यावर?”

ताई, फळा दरवाजाएवढा होता. तिच्या अगदी समोर.

घरी येताना तिनं सगळं सांगितलं. मला न सांगता ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. ज्याच्याकडे बघावं त्याचं मधलंच पुसट होतं, कडा राहतात. एक डोळा बराच गेलाय, दुसरा त्याच वाटेवर आहे. आंधळी नाही होणार ती, पण चेहरे आधी जातील. इतकी वर्षं ‘रस्ता झाला की जाईन थोरलीकडे’ म्हणणारी बाई एकदम जीप काढ म्हणून माझ्या मागे का लागली, ते मला तेव्हा कळलं. तुला कळवायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातलीय, कारण तू मेंढ्या सोडून धावत खाली येशील. तिला तू खाली यायला नको आहेस. तिला तुझं घर बघायचंय, तू पत्रांत लिहितेस ती खिडकी, तो ओढा, आणि त्या सगळ्यात तू. शपथ मी मोडतेय. मला फार भीती वाटतेय गं, आणि ती माझ्या एकटीनं सोसवत नाही.

टायर बसलेत. एका बाजूला पांढरी अक्षरं असतात, ती आत ठेवायची की बाहेर, असं काकांनी विचारलं. आई म्हणाली बाहेर, म्हणजे मला माझी गाडी सापडेल.

ओढ्याचं लगेच कळव, हवा किती काढायची ते त्यावरच ठरेल, तुझं उत्तर आलं की निघतोच. ती तुझ्याकडे बघताना नजर तुझ्या कानापलीकडे लावेल. तिरकं बघितलं की तिला तू दिसतेस, म्हणून तू सरकून समोर येऊ नकोस, आहेस तिथेच उभी राहा. आणि हल्ली तू केस रंगवतेस, हे तू सांगितलं नसलंस तरी मला ठाऊक आहे. आम्ही येईपर्यंत रंगवू नकोस. काल दिवा मालवताना तिनं विचारलं, थोरलीचे केस पिकले असतील ना गं आता? मी म्हटलं, तूच बघ.

तुझीच,
धाकटी