बाबूंच्या पत्रातलं मीठ

३ एप्रिल १९७९, चिखला

आजही तसंच झालं. भंडाऱ्याच्या कचेरीतल्या साहेबांनी शिफारसपत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. टायपिंगची परीक्षा न घेताच "कळवू" म्हणाले. ही तिसरी मुलाखत. तिन्ही ठिकाणचे साहेब पत्र संपता संपता हसले. मला वाटतं, पत्र आवडलं म्हणून हसतात.

पत्र जागेश्वर बाबूंचं. ते खाणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते, रिटायर होऊन इथेच राहतात. बाबा स्वतः जाऊन पत्र घेऊन आले. बाबा खाणीत खाली उतरतात, सहीपुरतं लिहितात, इंग्रजी येत नाही. मीच डिक्शनरी घेऊन बसले. पत्रात होतं: मुलगी चांगल्या घरची आहे. मेहनती आहे. आणि तिची सर्टिफिकेटं 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' घ्यावीत. पिंच म्हणजे चिमूट, सॉल्ट म्हणजे मीठ. म्हणजे जिथं काम करेल तिथल्या मिठाला जागेल — मी असाच अर्थ लावला. बाबांना तसंच वाचून दाखवलं. ते काळी झालेली बनियन घेऊन धुवायला गेले.

९ एप्रिल

निवडीची यादी लागली. माझं नाव नाही.

१७ एप्रिल



तुमसरला टायपिंगच्या क्लासात भैय्यालाल सरांनी सरावाला वाक्प्रचारांचं पान दिलं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. मी मराठी भाग झाकून नुसतं इंग्रजी टाइप करत होते. एका ओळीवर बोटं थांबली. आपलीच ओळ! चिमूट आणि मीठ. हात सरकवून अर्थ पाहिला — 'पूर्ण विश्वास न ठेवणे.'

सरांना विचारलं, मीठ म्हणजे इमानदारी ना सर?

"आपल्यात. इंग्रजीत नाही. काहून?"

मी पिशवीतून पत्र काढून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"बेटा, हे कोनाले दाखवलं?"

"तीन साहेबांले."

"माझ्या हातचं सर्टिफिकेट आहे. चाळीसची स्पीड मी घड्याळ लावून मोजली तुझी. अन् हा मानूस लिहून राहिला, भरोसा ठेवू नका म्हणून?"

बसमध्ये बसायला जागा होती तरी उभीच राहिले. तीन वेळा मी तो कागद स्वतः पुढे केला. दोन्ही हातांनी. वाकून. आपल्यावर विश्वास ठेवू नका असं लिहिलेला कागद — आणि वर 'थँक्यू सर'!

१८ एप्रिल

 बाबूंनी काहून केलं असेल? आमच्या वस्तीतली मुलगी खुर्चीवर बसलेली पाहवत नसेल. दुसरं काय असणार? पण मग बाबांना इतकी वर्षं "ये सोमाजी, बस" कसं म्हणत आले?

बाबांना सांगितलं नाही. ते रोज त्यांच्या दारावरून हात जोडून जातात. त्यांचं मन मोडेल.

२७ एप्रिल

भंडाऱ्यातच दुसऱ्या कचेरीत मुलाखत. पत्र नेलं नाही. तिथल्या बाईंनी विचारलं, कुणाची शिफारस? नाही म्हटलं. त्यांनी मशीन पुढे सरकवलं. दोन चुका झाल्या. बाई हसल्या नाहीत. घड्याळाकडे पाहून काहीतरी लिहून घेतलं.

१० मे

ऑर्डर आली! सोमवारी रुजू व्हायचं. भंडाऱ्यालाच खोली करावी लागणार, इथून रोज जाणं-येणं जमायचं नाही. बाबांना वाचून दाखवली. त्यांनी तारीख दोनदा विचारली.

उद्या बाबूंच्या दारात जाणार. ते पत्र त्यांच्यापुढे ठेवणार.

११ मे

बाबू ओसरीत होते. पत्र ठेवलं, विचारलं, हे काहून लिहिलं? त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "तुझ्या बापानं लिहून घेतलं, पोरी. तिले नोकरी लागू नये असं लिहा म्हने. पन तिले समजन असं लिहू नका."

घरी येऊन बाबांना विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. "तुझी माय गेली. आता तू गेली तं मी घरात कोनाशी बोलू?" एवढंच बोलले.

थोड्या वेळानं उठून आले. सोमवारी पेटी बसवर मीच चढवून देतो, म्हणाले.