उघडं बॉनेट
रविवार, संध्याकाळ

बाबा गेल्यापासून त्यांची पिकअप अंगणात उभीच होती. आज मी सुरू करायला गेले तर डिझेलच्या पाइपात हवा धरलेली. रांझीच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला बोलावलं नाही. बाबा कोणाला हात लावू देत नसत. त्यांच्यासारखाच फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, त्याच्या बाजूचा छोटा हातपंप दाबत राहिले, फेस जाऊन नुसतं डिझेल आलं तसा स्क्रू आवळला. मग सीटवर बसले आणि किल्ली धरून थांबले. काहून थांबले? उघड्या बॉनेटमुळे समोरचं दिसत नाही. त्याच्या आडूनच बाबा ओरडायचे, "चलो, मार सेल्फ!"

शेवटी किल्ली फिरवून सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली. आवाज ऐकून आई आली, बाजूला बसली.

"बॉनेट लावू का?"

समोर बघतच ती म्हणाली, "राहू दे थोडा वेळ."